पोचवहीतली सही

नागपूरचं हिवाळी अधिवेशन म्हटलं की मोर्चे, सभात्याग आणि पायऱ्यांवरच्या घोषणा, एवढं लिहून आम्ही परततो. या वेळी संपादक म्हणाले, "प्रतोदावर लिही. सरकारं ज्यांच्या कागदावर तरतात नि बुडतात, त्यांचं काम बघून ये."

प्रतोद म्हणजे बैल हाकायची पराणी. इंग्रजांचा व्हीप आला शिकारी कुत्र्यांचा कळप आवरणाऱ्या माणसावरून. आपल्याकडे पक्षाच्या आमदारांना मतदानासाठी हाकणारा माणूस प्रतोद आणि त्यानं काढलेला आदेश व्हीप, अशी वाटणी रूढ झाली.

सिव्हिल लाइन्समधल्या विधानभवनात मी रमलो तो मात्र एका पक्षकार्यालयातल्या जुन्या कर्मचाऱ्यापाशी. आदेशावर सही प्रतोदाची, तो पोचवायचा यांनी. टेबलावर पोचवही : आमदाराचं नाव, आमदार निवासातली खोली, वेळ, सही. "मुंबईत माणसाचा ठावठिकाणा माहीत असतो," ते म्हणाले. "इथं खोलीत कार्यकर्ते झोपलेले. साहेब कुठं, तर म्हणे रामटेकला. मग मी दारातच बसतो. सही मिळेपर्यंत कागद पोचला असं मी मानत नाही."

दिवसभर त्यांचा डोळा बाकांवर. गणपूर्तीला 288 चा दहावा हिस्सा, म्हणजे 29 सदस्य लागतात. कोण चहाला गेलं, कोण मंत्र्याच्या दालनात अडकलं, कोणाचं भाषण कितव्या क्रमांकावर, सगळं तोंडपाठ. मतविभागणीची घंटा वाजली की दारं बंद व्हायच्या आत माणसं आत यायलाच हवीत. इतकं चोख काम इतक्या अबोलपणे करणारा माणूस मी क्वचित पाहिला.

पोचवहीतल्या सहीला धार आली 1985 मध्ये. बावन्नाव्या घटनादुरुस्तीनं दहावी अनुसूची आली. पक्षादेशाविरुद्ध मत दिलं किंवा मतदानाला दांडी मारली, आणि पक्षानं 15 दिवसांत माफ केलं नाही, तर आमदारकीवर गदा. मात्र एक तृतीयांश आमदार फुटले तर ती 'फूट' ठरे, आणि ते वाचत. ही पळवाट याच नागपुरानं पाहिली. डिसेंबर 1991 च्या अधिवेशनात छगन भुजबळांनी शिवसेना सोडली. सेनेचे आमदार 52, म्हणजे हवे होते 18. विधानसभा अध्यक्ष मधुकरराव चौधरी यांनी फूट मान्य केली. ती वाट संसदेनं 2003 मध्ये बुजवली.

पण त्यानंतरचा पेच त्याहून अवघड निघाला. जुलै 2022 मध्ये एकाच शिवसेनेचे दोन प्रतोद उभे राहिले, ठाकरे गटाचे सुनील प्रभू आणि शिंदे गटाचे भरत गोगावले. दोघांचे व्हीप एकमेकांविरुद्ध. सर्वोच्च न्यायालयानं 11 मे 2023 रोजी सांगितलं की प्रतोद नेमायचा अधिकार राजकीय पक्षाचा, विधिमंडळ पक्षाचा नव्हे. गोगावलेंना अध्यक्षांनी दिलेली मान्यता बेकायदा होती. पक्ष कोणाचा, हे मात्र अध्यक्षांनीच ठरवायचं होतं. आमदारांच्या अपात्रतेच्या सुनावणीचा काही भाग डिसेंबर 2023 मध्ये इथं, नागपुरातच झाला. 10 जानेवारी 2024 रोजी अध्यक्ष राहुल नार्वेकर यांनी शिंदे गटाला खरी शिवसेना मानलं, गोगावलेंची नेमणूक वैध ठरवली, पण अपात्र कोणालाच केलं नाही. ठाकरे गटाचे आमदार वाचले, कारण गोगावलेंचा व्हीप त्यांच्या हाती रीतसर पडल्याचं सिद्ध झालं नाही. व्हॉट्सअ‍ॅपवरचा निरोप पुरेसा ठरला नाही. दारात बसून सही घेणाऱ्या त्या माणसाचा हट्ट मला या निकालावरून उमगला.

काळजी आहे ती वेगळीच. किहोतो होलोहान खटल्यात 1992 मध्येच न्यायालयानं म्हटलं होतं की आमदारकी घालवणारा आदेश सरकारच्या अस्तित्वाशी किंवा पक्षाच्या मूळ धोरणाशी निगडित मतदानापुरता असावा, आणि तसं आदेशात नमूद करावं. हे पाळलं नाही, तर साध्या विधेयकावरही आमदार मतदारसंघाचं ऐकून मत देणार नाही. हात वर करण्यापुरता उरेल. लाखोंच्या मतांवर निवडून आलेल्या माणसाची ही अवस्था मला सहन होत नाही.

निघताना मी त्या कर्मचाऱ्याला विचारलं, शेवटच्या आठवड्यात विदर्भावर चर्चा होते, कापूस, सिंचन, अनुशेष. रात्र चढते तशी बाकं रिकामी होत जातात. त्याला कधी व्हीप निघाला का?

त्यांनी वही मागं मागं चाळली. बराच वेळ चाळली.

"तिथं मतदान नसतं ना," ते म्हणाले.