मुंबईत खोली घेताय? आधी रेल्वेची लाइन ठरवा

मुंबईत नोकरी लागली, की डोंगरकड्याचा तरुण आधी भाडे विचारतो. पहिला प्रश्न हवा, ऑफिस कुठे?

● लाइन : अंधेरीत काम असेल तर डोंबिवलीची स्वस्त खोली महाग पडते. रोज दादर किंवा घाटकोपरला गाडी बदलावी लागते. पश्चिम रेल्वेवरचे विरार, नालासोपारा पाहा. बेलापूरसाठी हार्बरवरचे पनवेल सोयीचे.

● पाऊस : २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस पडला होता. नालासोपाऱ्यातही पाणी साचते. तळमजला घेण्याआधी पाणी कुठवर येते, हे शेजाऱ्यांना विचारा.

● करार : भाडेकराराची नोंदणी कायद्याने बंधनकारक असून जबाबदारी घरमालकाची आहे. ती टाळणाऱ्याला डिपॉझिट देऊ नका.

टोकन देण्याआधी सकाळी आठच्या गर्दीत त्या स्टेशनवरून ऑफिसपर्यंत एकदा जाऊन पाहा.