जकात व वक्फ : इस्लामी दानव्यवस्था आणि आर्थिक विकास

जकात हे इस्लामच्या पाच मूलाधारांपैकी एक असलेले अनिवार्य दान होय. या अरबी शब्दात शुद्धी व वृद्धी असे दोन्ही अर्थ अभिप्रेत आहेत. मराठीत मात्र तो मालावरील करासाठी रूढ झाला. मध्ययुगीन मुस्लिम राजवटींत नाक्यांवर व्यापारी मालावर होणाऱ्या वसुलीस जकात म्हणत. मराठेशाहीने ही संज्ञा पुढे चालविली आणि थळमोड, थळभरीत असे तिचे प्रकार केले. पुढे नगरपालिकांच्या करासही हेच नाव मिळाले. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाल्यावर मुंबईतील ही जकात संपुष्टात आली. प्रस्तुत नोंदीत मूळ धार्मिक अर्थाने विचार केला आहे.

स्वरूप : विहित मर्यादेहून (निसाब) अधिक संपत्ती एक चांद्रवर्ष बाळगणाऱ्या मुसलमानाने तिचा चाळिसावा भाग, म्हणजे अडीच टक्के, द्यावयाचा असतो. भारतात ही मर्यादा साडेसात तोळे सोने किंवा साडेबावन्न तोळे चांदी अशी धरतात. रोकड, सोने-चांदी व विक्रीचा माल हिशेबात येतात. राहते घर व कारागिराची अवजारे येत नाहीत. पावसावरील पिकाचा दहावा व सिंचित पिकाचा विसावा भाग देय असतो. कुराणात दरिद्री, गरजू, कर्जबाजारी, प्रवासी इ. आठ प्रकारचे लाभार्थी सांगितले आहेत. स्वेच्छेने दिलेल्या दानास ‘सदका’, तर धर्मकार्यासाठी कायमच्या राखून ठेवलेल्या मालमत्तेस ‘वक्फ’ म्हणतात. पाकिस्तानात १९८० च्या अध्यादेशाने बँक-ठेवींतून जकात कापून घेण्याची पद्धत सुरू झाली. भारतात ती पूर्णतः ऐच्छिक रीत्या दिली जाते.

आर्थिक मीमांसा : जकात उत्पन्नावर नव्हे, तर मुख्यतः साठविलेल्या संपत्तीवर असते. एक लाख रुपये निष्क्रिय ठेवून दरवर्षी त्यांतूनच जकात दिल्यास दहा वर्षांनी सु. ७७,६०० रुपये उरतात. त्यामुळे धन व्यापारात वा उत्पादनात गुंतविण्यास प्रेरणा मिळते. अनाथांची ठेव जकातीत झिजू नये म्हणून ती व्यापारात लावावी, असा उपदेश खलीफा उमर यांच्या नावे परंपरेत आढळतो. दुसरे असे की, गरीब माणूस मिळालेल्या रकमेचा मोठा भाग लगेच खर्च करतो व स्थानिक बाजारातील मागणी वाढते. परंतु रमजानमध्ये वाटलेली किरकोळ रक्कम महिन्याभरात संपते. तीच रक्कम एकत्र करून शिलाईयंत्र, हातगाडी वा शिक्षणशुल्क यांसाठी दिली, तर घेणारा कालांतराने देणारा होऊ शकतो. यास एक धर्मशास्त्रीय मर्यादा आहे : अनेक शास्त्रज्ञांच्या मते, विशेषतः हनफी पंथात, जकात लाभार्थ्याच्या मालकीची झाली पाहिजे. म्हणून शाळेची इमारत सदका वा वक्फ यांतून उभी राहते, तर तेथील गरीब विद्यार्थ्यास जकातीतून साहाय्य मिळते.

उत्तर कोकण : वसई-विरार परिसरातील सोपारे हे बंदर अरब भूगोलज्ञांना ‘सुबारा’ या नावाने परिचित होते. पालघर जिल्ह्यातील चिंचणी येथे मिळालेल्या राष्ट्रकूटकालीन ताम्रपटात (शके ८४८, इ. स. ९२६) संजाणच्या ‘मधुमती’ (मुहंमद) या ताजिक, म्हणजे अरब, अधिकाऱ्याने विनामूल्य नौका व अन्नछत्र यांची सोय केल्याचा उल्लेख आहे. त्याने भगवतीच्या मठासही भूमिदान दिले. यास जकात म्हणता येणार नाही. तथापि उतारूंना व व्यापाऱ्यांना मोफत तर मिळणे हे दान आणि दळणवळण यांच्या संबंधाचे जुने उदाहरण होय. कोकणी मुसलमान प्रायः शाफई पंथाचे आहेत, तर उत्तर भारतातून येऊन येथे स्थायिक झालेले बहुतेक सुन्नी हनफी आहेत. वापरातील दागिन्यांवर हनफी पंथात जकात लागते, शाफई पंथात सामान्यतः लागत नाही. त्यामुळे एकाच वस्तीत समान सोने असलेल्या दोन कुटुंबांचा हिशेब भिन्न होऊ शकतो.

आधुनिक काळात या प्रदेशातील दानाचा ओघ शिक्षणाकडे वळला. मुंबईत १८७४ मध्ये अंजुमन-इ-इस्लाम ही संस्था स्थापन झाली; बद्रुद्दीन तय्यबजी हे तिच्या संस्थापकांपैकी एक होते. सर महंमद यूसुफ यांच्या आठ लाख रुपयांच्या देणगीतून जोगेश्वरी येथे इस्माइल यूसुफ महाविद्यालय सुरू झाले (१९३०). मुंबईच्या उपनगरांतील या पहिल्या महाविद्यालयाचा लाभ सर्व धर्मांच्या विद्यार्थ्यांना झाला.

मर्यादा : वक्फची मालमत्ता विकता येत नसल्याने ती टिकते, पण बदलत्या गरजांनुसार तिचा विनियोग बदलणे अवघड होते. पश्चिम आशियातील भांडवलसंचय मंदावण्याचे हे एक कारण असल्याचे अर्थशास्त्रज्ञ तिमूर कुरान यांनी प्रतिपादिले आहे. भारतात सच्चर समितीने (२००६) नोंदणीकृत वक्फ मालमत्ता सु. ४.९ लाख असल्याचे नमूद केले. त्यांचे वार्षिक उत्पन्न सु. १६३ कोटी रु. होते, बाजारभावाने त्यांचे मूल्य सु. १.२ लाख कोटी रु. धरून दहा टक्के परतावा मिळाल्यास ते १२,००० कोटी रु. होऊ शकेल, असा समितीचा अंदाज होता. अतिक्रमणे, जुनी नाममात्र भाडी व सदोष व्यवस्थापन ही या तफावतीची प्रमुख कारणे होत. १९९५ च्या वक्फ अधिनियमात २०१३ व २०२५ साली व्यापक दुरुस्त्या झाल्या.

दानामुळे आर्थिक वाढ आपोआप होते असे म्हणता येत नाही. जकात तात्पुरती भूक भागविते की उपजीविकेचे साधन देते आणि वक्फची जमीन पडून राहते की शाळा वा रुग्णालय चालविते, यांवर तिचे आर्थिक फळ अवलंबून असते. अन्नाची तातडीची गरज भागविणे हे मात्र दानाचे आद्य कर्तव्य राहते. वाढीच्या हिशेबात न बसणाऱ्या वृद्धाचा व अपंगाचाही त्यावर तितकाच हक्क आहे.