उष्णतेत वाढणारा जीवाणू

वसमतच्या बाजारातील हळकुंड पेरले तर उगवेल का? नाही. शिजवताना त्यातील प्रथिनांची घडी विस्कटलेली असते. पण इटलीतील व्हल्कानो बेटाच्या तप्त समुद्रतळात सापडलेला, १९८६ साली नोंदवला गेलेला ‘थर्मोटोगा मॅरिटिमा’ हा जीवाणू ८० अंश सेल्सिअसला सर्वांत जोमाने वाढतो. त्याची प्रथिने त्या उष्णतेत टिकतात.

बायोरिॲक्टर म्हणजे नियंत्रित टाकी. तीत खारे पाणी, साखर व क्षार घालून, ऑक्सिजन काढून त्याला वाढवतात. साखरेपासून तो हायड्रोजन हे इंधन बनवतो. मात्र साठलेला हायड्रोजन त्याचीच वाढ रोखतो. म्हणून नायट्रोजन सोडून तो बाहेर काढतात.

टाकी तापवायलाही ऊर्जा लागते. खर्चापेक्षा मिळकत अधिक, तरच व्यवहार फायद्याचा! म्हणूनच कारखान्यांतील वाया जाणारी उष्णता येथे मोलाची ठरू शकते.