विश्लेषण : घरातल्या मोठ्या नर कुत्र्याची नसबंदी करावी का? कोणती सवय सुटते, कोणती सुटत नाही?

भाद्रपद लागला की गल्लीतल्या कुत्र्यांची पळापळ सुरू होते, हे आपल्याकडे कुणाला सांगावे लागत नाही. त्याच दिवसांत अनेक घरांतला चार-पाच वर्षांचा नर कुत्रा जेवण टाकतो, रात्रभर दाराशी कण्हत बसतो, सोफ्याच्या पायावर नि पडद्यावर लघवी करून ठेवतो आणि दार जरा उघडे दिसले की जिना उतरून पसार होतो. दोन दिवसांनी परततो तो कान फाटून, नाहीतर लंगडत. मग सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच सल्ला येतो, 'नसबंदी करून टाका, एकदम शांत होईल'. घरात आजी म्हणते, 'मुक्या जिवाला कशाला त्रास देता?' निर्णय मधल्यामध्ये लटकतो आणि पुढच्या भाद्रपदापर्यंत पुढे ढकलला जातो.

दोघांच्याही म्हणण्यात थोडे तथ्य आहे. पण 'शांत होईल' म्हणजे नक्की काय होईल, हे आधी समजून घेतले नाही तर शस्त्रक्रियेनंतर पदरी निराशा येऊ शकते.

नसबंदी हा शब्द इथे बरोबर आहे का?

काटेकोरपणे पाहिले तर नाही. माणसातल्या पुरुष नसबंदीत फक्त शुक्रवाहिनी बंद केली जाते. अंडकोष जागच्या जागी राहतात, हार्मोन तयार होत राहते. नर कुत्र्याच्या बाबतीत सर्वसाधारणपणे जी शस्त्रक्रिया होते तिच्यात दोन्ही अंडकोषच काढून टाकतात. मराठीत त्याला नेमका शब्द आहे खच्चीकरण. बैलाला खच्ची करतात, तेच. कानाला तो शब्द बरा वाटत नाही म्हणून आपण सगळे नसबंदी म्हणतो, आणि या लेखातही तोच वापरला आहे.

हा फरक नुसता शब्दांचा नाही. अंडकोष काढल्यावर टेस्टोस्टेरॉनचा मुख्य स्रोतच जातो, म्हणून पिल्ले होणे थांबते आणि काही वागणेही बदलते. उद्या कुणी फक्त शुक्रवाहिनी बांधून दिली तर कुत्रा बाप होणार नाही, पण भाद्रपदात दार मात्र पूर्वीसारखेच खरवडेल.

भटक्या कुत्र्यांचा न्याय घरच्या कुत्र्याला लावता येतो का?

ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशांमुळे नसबंदी हा शब्द रोज बातम्यांत होता. ११ ऑगस्टला दिल्ली परिसरातली भटकी कुत्री उचलून निवाऱ्यांत ठेवण्याचा आदेश आला. २२ ऑगस्टला त्यात बदल झाला. रेबीज झालेली वा आक्रमक कुत्री वगळता बाकीच्यांना नसबंदी, लसीकरण आणि जंतनाशक देऊन मूळ जागी सोडावे, असे ठरले. तिथे हेतू एकच आहे, तो म्हणजे संख्या आटोक्यात ठेवणे. त्यामुळे कुत्र्यागणिक विचार करण्याची गरज उरत नाही.

घरचा कुत्रा पट्ट्याला बांधून फिरतो, रात्री घरात झोपतो. त्याच्यापासून पिल्ले होण्याची शक्यता तुमच्या दाराच्या कडीवर अवलंबून असते. केंद्राच्या २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार पाळीव कुत्र्याचे लसीकरण, जंतनाशक आणि नसबंदी ही मालकाची जबाबदारी आहे. मात्र कधी, कोणत्या वयात आणि कशासाठी, हे त्या एका कुत्र्याकडे पाहूनच ठरते. नॉर्वेसारख्या देशात तर सबळ कारण असल्याशिवाय प्राण्यावर शस्त्रक्रिया करू नये, असा कायदाच आहे. अर्थात तिथे रस्त्यावर मोकाट कुत्री जवळपास नाहीत, त्यामुळे ती तुलना आपल्याकडे जशीच्या तशी लागू होत नाही.

नसबंदीने कोणत्या सवयी कमी होतात?

पळून जाणे, जागोजागी लघवीने खूण करणे, उशीवर किंवा पाहुण्यांच्या पायावर चढणे. या तीन सवयींमागे टेस्टोस्टेरॉनचा हात मोठा असतो, आणि फरक दिसतो तोही प्रामुख्याने इथेच.

अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी १९९७ मध्ये ५७ नर कुत्र्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. या तीन सवयी ज्यांना होत्या, त्यांच्यापैकी ६० टक्के किंवा त्याहून अधिक कुत्र्यांमध्ये त्या निम्म्याने तरी कमी झाल्या. जवळजवळ पूर्ण सुटल्या असे म्हणण्याइतका फरक मात्र २५ ते ४० टक्के कुत्र्यांतच दिसला. त्याआधी १९७६ मध्ये प्रौढ नर कुत्र्यांवर झालेल्या एका पाहणीत पळून जाण्याची सवय सुमारे ९० टक्के कुत्र्यांत कमी झाली होती, लघवीने खूण करण्याची निम्म्या कुत्र्यांत. दोन्ही अभ्यास लहान आहेत आणि माहिती मालकांकडून घेतलेली आहे, त्यामुळे दशांश चिन्हापर्यंत विश्वास ठेवण्याची गरज नाही. दिशा मात्र एकच दिसते.

मोठ्या कुत्र्याच्या मालकांसाठी १९९७ च्या अभ्यासातला सर्वात कामाचा निष्कर्ष वेगळाच आहे. कुत्र्याचे वय किती आणि सवय किती वर्षांची जुनी, याचा सुधारणेशी संबंध आढळला नाही. म्हणजे 'आता पाच वर्षांचा झाला, आता काय उपयोग' हे म्हणणे टिकत नाही. सवय हार्मोनमुळे असेल, तर पाचव्या वर्षीही ती कमी होऊ शकते.

फरक दुसऱ्या दिवशी दिसत नाही. रक्तातले हार्मोन लवकर उतरते, पण वागण्यात बदल यायला काही आठवडे, कधी काही महिने लागतात.

चावरा कुत्रा शांत होतो का?

सगळ्यात जास्त अपेक्षाभंग इथे होतो. घरच्यांवर गुरगुरणे, अनोळखी माणसावर धावून जाणे, फटाक्यांना घाबरून पलंगाखाली शिरणे, डिलिव्हरी बॉयला पाहून वेड्यासारखे भुंकणे या गोष्टींवर नसबंदीचा भरवसा धरता येत नाही. १९९७ च्याच अभ्यासात आक्रमकतेच्या प्रकारांमध्ये ठळक सुधारणा फार तर एक तृतीयांश कुत्र्यांत दिसली. २०१८ मध्ये तेरा हजारांहून अधिक कुत्र्यांच्या मालकांनी भरलेल्या प्रश्नावली तपासल्या गेल्या. त्यांत नसबंदी झालेली कुत्री माणसांशी किंवा इतर कुत्र्यांशी कमी आक्रमक असल्याचे आढळले नाही.

कारण समजायला अवघड नाही. बहुतेक घरगुती चावे भीतीतून येतात. ताटाजवळ हात नेला, झोपेत असताना मुलाने मिठी मारली, डॉक्टरांकडे पूर्वी दुखलेले आठवले. ही भीती अंडकोषात नसते. उलट लवकर नसबंदी झालेल्या नरांत भित्रेपणाशी जोडलेले वागणे जास्त दिसते, असे २०१८ च्याच दुसऱ्या एका अभ्यासात नोंदवले गेले आहे. मुळात घाबरट असलेल्या कुत्र्याबाबत म्हणूनच घाई करू नये. अशा वेळी आधी कुत्र्यांच्या वर्तनाची जाण असलेल्या पशुवैद्याकडे जावे. दुखणे तर नाही ना, हेही तपासून घ्यावे, कारण कान किंवा सांधा दुखणारा कुत्राही चावतो.

दुसऱ्या नराला पाहून भांडण काढणारा कुत्रा मात्र वेगळा. १९७६ च्या पाहणीत नरानराची भांडणे साठेक टक्के कुत्र्यांत कमी झाली होती. तिथे प्रयत्न करून पाहण्यात अर्थ आहे.

याची दुसरी बाजू शेतावर कुत्रा ठेवणाऱ्यांना दिलासा देणारी आहे. 'खच्ची केला की राखण सोडतो' ही समजूत गावोगावी आहे. पण परक्याची चाहूल लागताच भुंकणे हे हार्मोनवर फारसे चालत नाही, त्यामुळे वाड्या-वस्तीवरचा कुत्रा राखण सोडेल ही भीती नको. वेशीपलीकडे चार-चार दिवस भटकणे कमी झाले तर तो राखणीला जास्तच वेळ हजर राहील.

आरोग्याच्या दृष्टीने फायदा की तोटा?

दोन्ही. आणि इथे वय महत्त्वाचे ठरते.

लॅब्रॅडॉर, गोल्डन रिट्रिव्हर, जर्मन शेफर्ड यांसारख्या मोठ्या जातींत एक वर्षाच्या आत नसबंदी केल्यास सांध्यांचे विकार वाढतात, असे डेव्हिसच्याच संशोधकांनी २०२० मध्ये ३५ जातींच्या अभ्यासात दाखवले. लहान चणीच्या जातींत तसे दिसले नाही. तुमचा कुत्रा तीन-चार वर्षांचा असेल तर हाडांची वाढ केव्हाच पूर्ण झाली आहे, त्यामुळे इंटरनेटवर सर्वाधिक गाजणारी ही भीती तुमच्या हिशेबात फारशी येत नाही.

फायद्याच्या बाजूला पहिली प्रोस्टेट ग्रंथी. पाच वर्षांपुढच्या बहुतांश अखंड नरांत ती हळूहळू वाढते. लघवीतून रक्त, शौचाला जोर लावावा लागणे ही लक्षणे. अंडकोष काढल्यावर काही आठवड्यांत ती आक्रसते. अंडकोषांच्या गाठींचा आणि गुदद्वाराभोवती होणाऱ्या हार्मोनवर पोसलेल्या गाठींचाही प्रश्न बहुतांशी मिटतो. एक अंडकोष पोटातच राहिला असेल तर मात्र चर्चा कशाला? त्यात कर्करोगाचा धोका कित्येक पट असतो, तो काढणेच योग्य.

आणखी एक कारण खास आपल्या रस्त्यांचे आहे. मादीशी संबंधातून पसरणारी एक कर्करोगाची गाठ भारतातल्या भटक्या कुत्र्यांत बरीच आढळते. हिच्यात कर्करोगाच्या पेशीच एका कुत्र्यातून दुसऱ्यात जातात. लिंगाच्या टोकाशी फुलकोबीसारखी वाढ आणि थेंब थेंब रक्त, अशी ती दिसते. केमोथेरपीच्या इंजेक्शनांनी ती बहुधा बरी होते, पण आठवड्यामागून आठवडे दवाखान्याच्या फेऱ्या होतात. वर्षातून दोनदा गायब होणाऱ्या नराला अपघात, भांडण आणि ही गाठ, तिन्ही धोके एकाच वेळी असतात. माझ्या मते आपल्या शहरांत नसबंदीच्या बाजूने सर्वात वजनदार मुद्दा हाच आहे.

तोट्याच्या बाजूला वजन. शस्त्रक्रियेनंतर भूक वाढते आणि ऊर्जेची गरज घटते. काही कर्करोगांचा, विशेषतः प्रोस्टेटच्या कर्करोगाचा, धोका नसबंदी झालेल्या नरांत अधिक आढळतो, जरी तो मुळात दुर्मीळ आहे. रेबीजपासून नसबंदी वाचवत नाही. त्यासाठी लस आणि लसच.

'एकदा तरी मेटिंग होऊ द्या, मग करा' या सल्ल्याला शरीरशास्त्रात आधार नाही. कुत्र्याला संसाराची हौस नसते, ती आपली असते.

करून पाहून मग ठरवता येते का?

शस्त्रक्रियेला रोलबॅक नाही. पण एक मधला मार्ग आहे. डेस्लोरेलिन नावाच्या औषधाची तांदळाच्या दाण्याएवढी कांडी कातडीखाली टोचतात. ती सहा किंवा बारा महिने हार्मोन दाबून ठेवते आणि नंतर परिणाम ओसरतो. युरोप आणि ऑस्ट्रेलियात ती रुळलेली आहे. पहिल्या काही आठवड्यांत हार्मोन उलट वाढते, त्यामुळे सुरुवातीला उपद्रव वाढल्यास घाबरायचे नाही. घाबरट किंवा चावऱ्या कुत्र्याबाबत शस्त्रक्रियेआधी असा अंदाज घेता आला तर उत्तम. तुमच्या पशुवैद्याकडे याची चौकशी जरूर करा.

शस्त्रक्रिया ठरली, आता काय?

भूल हा खरा धोका, पण किती? ब्रिटनमध्ये २००८ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या पाहणीत निरोगी कुत्र्यांत भूल वा गुंगीशी निगडित मृत्यूंचे प्रमाण ०.०५ टक्के होते, आजारी कुत्र्यांत १.३३ टक्के. या दोन आकड्यांतले अंतर पाहिले की आधीची रक्त तपासणी का टाळू नये ते कळते. आपल्याकडे गोचीड ताप सर्रास असतो आणि त्यात प्लेटलेट घसरतात. कुत्रा वरून ठणठणीत दिसतो, टेबलावर रक्त थांबत नाही. म्हणून प्लेटलेट, यकृत आणि मूत्रपिंड तपासूनच तारीख घ्यावी. डॉबरमॅनमध्ये रक्त न गोठण्याचा आनुवंशिक दोष आढळतो, पग आणि बुलडॉग यांना भुलीत श्वासाचा त्रास होऊ शकतो, हे डॉक्टरांना आठवण करून द्यायला संकोच नको. सात-आठ वर्षांपुढे हृदयाची तपासणीही करून घ्यावी.

खासगी दवाखान्यात तपासण्या धरून खर्च काही हजारांत जातो. मुंबईत परळचे, साताऱ्याजवळ शिरवळचे आणि नागपूरचे पशुवैद्यक महाविद्यालय यांच्या रुग्णालयांतही विचारून पाहता येईल.

घरी आल्यावर गळ्यात कोन घालावाच लागतो. चाटून टाके उसवण्यात कुत्र्यांचा हात कुणी धरत नाही. दहा ते चौदा दिवस आंघोळ नाही, उड्या नाहीत, जिना शक्यतो नाही. मोठ्या कुत्र्यात रिकाम्या पिशवीला थोडी सूज येते, पण ती टणक होऊन वाढत गेली तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. दुखतेय म्हणून घरातली पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन अजिबात देऊ नये, ती कुत्र्याला विषारी ठरू शकतात.

आधीचे शुक्राणू नलिकांत शिल्लक असतात, त्यामुळे महिना-दीड महिना माजावर आलेल्या कुत्रीपासून त्याला लांबच ठेवावे. आणि टाके निघाले की ताटातले अन्न साधारण पाव हिश्श्याने कमी करून महिन्यातून एकदा वजन करावे. तो केविलवाणे पाहील. आजी चोरून पोळी देईल. तिलाही आधीच सांगून ठेवा.