चिकटवहींतलें मुखवट्यांचें पान

घरांतील छायाचित्रांची चिकटवही कशी करावी, आणि तिच्यांत हॅलोविनसारख्या सोंगांच्या सणाचें पान कसें मांडावें, हा आजच्या भाषणाचा विषय आहे. प्रथमदर्शनीं तो किरकोळ वाटण्याचा संभव आहे. मुलांनीं एका रात्रीं भुतांचीं सोंगें घेतलीं आणि कोणी त्यांचे फोटो काढले, त्यांत भाषण करण्यासारखें काय आहे, असें एखादा श्रोता विचारील. परंतु ज्या चित्रांत माणसाचा चेहरा झांकलेला असतो, तें चित्र पुढील पिढीस सर्वांआधीं परकें होतें. म्हणून छायाचित्रांच्या जतनाचा सगळाच विचार या एका पानाच्या निमित्तानें करणें सोयीचें आहे.

प्रथम या सणाची ओळख करून घेऊं. हॅलोविन ३१ ऑक्टोबरच्या रात्रीं येतो. ख्रिस्ती धर्मांत १ नोव्हेंबर हा सर्व संतांचा दिवस, आणि २ नोव्हेंबर हा मृतात्म्यांच्या स्मरणाचा दिवस मानितात. त्यांच्या आदल्या रात्रीचा हा उत्सव होय. त्याचीं मुळें आयर्लंड व स्कॉटलंड येथील जुन्या केल्टिक लोकांच्या सॅविन नांवाच्या सणांत आहेत, असें सामान्यतः मानलें जातें. सुगी संपून हिंवाळा सुरू होण्याचा तो संधिकाल. त्या वेळीं मेलेलीं माणसें घराकडे फिरकतात, अशी समजूत होती. आयर्लंडांत सलगम कोरून त्यांत दिवा ठेवीत. एकोणिसाव्या शतकांत आयरिश लोक मोठ्या संख्येनें अमेरिकेस गेले, तेथें त्यांस भोपळा सांपडला. तो मोठा आणि कोरावयास सोपा. तेव्हांपासून दांत विचकणारा नारिंगी भोपळा हें या सणाचें चिन्ह होऊन बसलें. मुलें भुताखेतांचे वेष करून दारोदार खाऊ मागत फिरतात, आणि मोठीं माणसें भ्याल्याचा बहाणा करून तो देतात.

हा सण आतां आमच्याकडेही येऊन पोंचला आहे. ठाण्याहून आगगाडीनें नव्या मुंबईकडे निघालें, कीं ऐरोली आणि घणसोली यांच्या मध्यें रबाळे लागतें. पूर्वेस पारसिकची डोंगररांग, पश्चिमेस ठाण्याची खाडी, आणि दोहोंच्या मध्यें औद्योगिक वसाहत, आगरी-कोळी लोकांचीं जुनीं गांवठाणें व नव्या उंच इमारती, असा हा मुलूख आहे. २००४ सालीं ठाणें-तुर्भें रेल्वेमार्ग सुरू झाल्यावर येथील वस्तीस जोर आला. कोंकण, घांट, खानदेश, विदर्भ, अशा चहूंकडच्या कुटुंबांचीं मुलें एकाच आवारांत खेळतात, आणि चित्रपटांत व शाळेंत पाहिलेला हा सण तींही हौसेनें करूं लागलीं आहेत.

कित्येकांस हें परकें थेर वाटतें. त्यांच्याशीं वाद न घालतां एवढेंच सुचवितों, कीं सोंग घेणें आपणांस परकें नाहीं. रत्नागिरीकडे शिमग्यांत काळ्या झग्याचा आणि उंच निमुळत्या टोपीचा संकासुर अजूनही नाचतो, आणि पोरें त्याला पाहून पळतात. जव्हार-मोखाड्याकडील बोहाड्यांत देव आणि राक्षस यांचे मुखवटे घालून गांव रात्र जागवितें. गोव्यांत नरकासुराच्या प्रचंड प्रतिमा करून त्या नरकचतुर्दशीच्या पहाटे जाळतात. आणि शाळेच्या स्नेहसंमेलनांत टिळक, झांशीची राणी किंवा नुसतें वांगें होऊन उभा राहिलेला मुलगा कोणत्या घरच्या आल्बमांत नाहीं? तेव्हां मुखवट्यांच्या पानाला लागणारें साहित्य बहुतेक घरांत आधींच आहे.

आतां प्रत्यक्ष पान घेऊं. उदाहरणासाठीं २०२४ साल सोयीचें आहे. त्या वर्षीं नरकचतुर्दशी नेमकी ३१ ऑक्टोबरला आली होती. म्हणजे त्या दिवशीं पहाटे ज्या मुलानें उटणें लावून अभ्यंगस्नान केलें आणि डाव्या पायाच्या अंगठ्यानें कारीट फोडलें, तेंच मूल रात्रीं सांगाड्याचा पोशाख घालून शेजाऱ्यांच्या दारांत उभें राहूं शकलें. असा योग ज्यांच्या घरीं आला असेल, त्यांनीं समोरासमोरचीं दोन पानें घ्यावींत. डावें पान पहाटेचें, उजवें रात्रीचें. ज्यांच्याकडे हॅलोविनचे फोटो आहेत पण दिवाळीचे नाहींत, त्यांनीं डाव्या पानावर शिमग्याचें किंवा संमेलनाचें सोंग लावावें. मांडणी तीच राहते.

पान १२ इंच लांब आणि तितकेंच रुंद असें धरूं. चारही बाजूंस एक इंच कोरी जागा सोडा. उरलेल्या जागेंत डावीकडे एकच मोठें चित्र, ५ इंच रुंद आणि ७ इंच उंच, उभें लावा. त्याच्याखालीं अर्धा इंच सोडून अडीच इंचांची पट्टी उरते. ती मजकुरासाठीं राखून ठेवा. मध्यें एक इंच सोडून उजवीकडे ४ इंच रुंदीचा रकाना धरा. त्याच्या माथ्याला ३ इंच उंचीचें शीर्षक आणि त्याखालीं ४ इंच रुंद व ३ इंच उंच अशीं दोन आडवीं चित्रें, मध्यें अर्धा-अर्धा इंच सोडून. म्हणजे एका पानावर तीन चित्रें, दोहोंवर मिळून सहा. याहून अधिक लावण्याचा मोह आवरावा. मोबाइलमध्यें शंभर फोटो असतील. त्यांतून सहा निवडण्यांतच अर्धी कला आहे. मोठ्या चित्रासाठीं असें निवडा, कीं ज्यांतील मूल पानाच्या आंतल्या बाजूस पाहत आहे. त्याची नजर कांठाबाहेर गेली, तर पाहणाराही तिच्या मागोमाग पानाबाहेर जातो.

रंग तीनच पुरेत. डावें पान फिकट पिवळसर, उजवें काळें, आणि दोहोंच्या तळच्या कोऱ्या जागेंतून जाणारी नारिंगी कागदाची एक सलग पट्टी. डावीकडे त्या पट्टीवर झेंडूचीं फुलें कापून लावा, उजवीकडे भोपळे. एकच नारिंगी रंग पहाटे झेंडूचा असतो आणि रात्रीं भोपळ्याचा होतो, ही गंमत मुलांस फार आवडते, आणि दोन्हीं पानें एका धाग्यांत ओंवलीं जातात. कोळ्याचें जाळें काढावयाचें, तर पांढऱ्या पेन्सिलीनें काळ्या पानाच्या एकाच कोपऱ्यांत काढावें. सजावट चेहऱ्यांवर येऊं देऊं नये.

येथून पुढें मात्र हौसेपेक्षां सावधगिरीचें काम अधिक आहे. पहिला नियम असा, कीं मूळ छायाचित्र कधींही कापूं नये आणि कधींही डिंकानें चिकटवूं नये. स्कॅनर असेल, तर त्यावर मूळ चित्राची प्रत घ्यावी. तितक्याच आकाराची प्रत हवी असल्यास दर इंचाला ३०० ठिपके पुरतात. दुप्पट मोठी करावयाची असेल, तर ६०० ठेवावे. कातरकाम या प्रतीवर करावें आणि मूळ चित्र पाकिटांत घालून निराळें ठेवावें. आपल्या आज्या-पणज्यांच्या काळीं जाड काळ्या पानांवर फोटोचे चारही कोपरे कागदी त्रिकोणांत खोंवीत असत. ती रीति आजही उत्तम होय, कारण तिच्यांत डिंकाचा थेंबही चित्राला लागत नाहीं आणि चित्र हवें तेव्हां काढतां येतें.

दुसरा नियम कागदाविषयीं. वर्तमानपत्राचा कागद उन्हांत दोन दिवस राहिला कीं पिवळा पडतो, हें सर्वांनीं पाहिलें आहे. लांकडाच्या लगद्यांत जें द्रव्य राहून जातें, त्यामुळें तो पिवळा पडतो व ठिसूळ होतो, आणि त्यांत उपजणारें आम्ल शेजारच्या चित्रासही बाधतें. म्हणून पानांसाठीं आम्लरहित जाड कागद मागून घ्यावा. काळ्या कागदाचा रंग दमट हवेंत सुटण्याचा संभव असतो. यास्तव काळें पान आणि चित्र यांच्यामध्यें पांढऱ्या कागदाची चौकट द्यावी. ती शोभतेही. टाचण्या गंजतात, पारदर्शक चिकटपट्टी कालांतरानें पिवळी पडून डाग ठेवते. दोन्ही वर्ज्य समजावीं.

ज्यांच्या घरीं १९७० ते १९९० या काळांतले, चिकट पुठ्ठ्यावर फोटो ठेवून वर प्लास्टिकचा कागद ओढावयाचे आल्बम आहेत, त्यांस स्वतंत्र सूचना आहे. त्या पुठ्ठ्याचा डिंक वर्षें लोटतात तसा चित्राच्या पाठीस घट्ट धरूं लागतो. असें चित्र नखानें उचकटूं नये. आधीं आहे त्याच जागीं त्याची प्रत घ्यावी; मग दांतांच्या फटी साफ करण्याचा बारीक दोरा चित्राच्या पाठीमागून करवतीसारखा हलक्या हातानें फिरवावा. निघालें तर उत्तम. न निघालें, तरी प्रत हातीं असते. त्या काळांतील रंगीत छायाचित्रें बरेचदां तांबूस झालेलीं दिसतात. त्यांतला निळसर रंग आधीं उडून जातो, त्याचा तो परिणाम आहे.

रबाळ्यासारख्या खाडीकांठच्या गांवीं पावसाळ्याचे चार महिने हाच छायाचित्रांचा मोठा शत्रू होय. दमट हवेनें चित्रावरचा थर मऊ होतो, त्याला बुरशी धरते, आणि एकावर एक ठेवलेलीं चित्रें परस्परांस चिकटतात. चिकटवही बाहेरच्या भिंतीला किंवा न्हाणीघराच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटांत ठेवूं नये. तिच्याजवळ ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्या, आणि पाऊस सरल्यावर दसऱ्याच्या सुमारास सावलींत एकदां सर्व पानें उलटून पहावींत. चित्र हाताळतांना हात धुऊन कोरडे करावे आणि केवळ कडेनें धरावें.

एवढें सर्व केलें आणि नांवें लिहिलीं नाहींत, तर सर्व श्रम व्यर्थ आहेत. मी आयुष्यभर शाळेंत शिकविलें. शाळेंतील वर्गाचा फोटो आठवा: खालीं छापलेलें असतें, खुर्चीवर बसलेले डावीकडून अमुक, उभे पहिली रांग अमुक. पन्नास वर्षांनींही त्यांतील प्रत्येक मुलगा ओळखतां येतो. आणि घरच्या फोटोखालीं? तेथें कांहींच नसतें, कारण फोटो काढणाऱ्यास सर्व माहीत असतात. जाणतीं माणसें गेलीं, कीं तोच फोटो अनोळखी लोकांचा होऊन जातो.

तेव्हां मजकुराच्या पट्टींत काय लिहावें तें सांगतों. 'आजी', 'काका', 'ताई' एवढ्यावर भागवूं नये. आजची आजी ही वाचणाऱ्याची आजी असेलच असें नाहीं. नातें वाचणाऱ्यागणिक बदलतें, नांव बदलत नाहीं. परंतु आपल्याकडे स्त्रियांचें नांवही बदलत आलें आहे. लग्नानंतर आडनांव तर बदललेंच, पुष्कळ घरांत जन्मनांवही बदललें. म्हणून मुलगी म्हणून फोटोंत असलेली बाई आणि सून म्हणून असलेली बाई एकच आहे, हें कळण्यासाठीं दोन्हीं नांवें, माहेरचें व सासरचें, लिहावींत. 'दिवाळी' एवढीच नोंद करूं नये. आश्विन वद्य चतुर्दशी, शके १९४६, आणि ३१ ऑक्टोबर २०२४, असें दोन्हीं लिहावें. पुढच्याच वर्षीं नरकचतुर्दशी २० ऑक्टोबरला आली, एवढें ध्यानांत घेतलें म्हणजे याचें कारण कळेल. आणि मुखवट्याच्या पानावर तर, 'डावीकडून दुसरें, पांढऱ्या चादरींतलें भूत' यापुढें त्या मुलाचें पूर्ण नांव, वय, आणि ती चादर कोणी शिवली, हेंही लिहावें. मुखवट्याशिवाय तोच चेहरा दाखविणारें एक लहान चित्र शेजारीं असावें.

लिहावयास पाण्यानें व उजेडानें न उडणाऱ्या शाईचें पेन घ्यावें. जुन्या कागदी फोटोच्या पाठीवर मऊ पेन्सिलीनें, कडेला, न दाबतां लिहावें. नव्या गुळगुळीत पाठीच्या फोटोवर पेन्सिल उमटत नाहीं. तेथें मजकूर पानावरच असूं द्यावा.

एक औचित्याचा प्रश्न राहतो. दिवंगत वडिलांचें चित्र भुतांच्या पानावर लावावें काय? माझ्या मतें ज्या चित्रास आपण पितृपक्षांत हार घालतों, तें तेथें लावूं नये. परंतु आजोबांनीं तरुणपणीं शिमग्यांत संकासुराचें सोंग घेतल्याचा फोटो असेल, तर तो अवश्य लावावा. आपले आजोबाही कधींकाळीं पोरांना भिववीत असत, हें नातवंडांस त्यावाचून कोण सांगणार?

तेव्हां श्रोतेहो, चित्रें निवडणें आणि भोपळे कापणें हें काम मुलांकडे द्या, आणि नांवें सांगण्याचें काम घरांतल्या सर्वांत वडील माणसाकडे. त्यांनीं सांगावें आणि मुलांनीं लिहावें. हें काम पुढच्या सणावर टाकूं नये. कारण चित्राची प्रत केव्हांही काढतां येईल, पण नांवें सांगणारें माणूस तोंवर आपल्यांत असेलच असें नाहीं.