शिक्षकांच्या हाती काय द्यायचं?

तिसरीतल्या मुलांच्या वह्या तपासताना ५२ वजा १७ या गणिताचं उत्तर ४५ असं अनेकदा सापडतं. लाल शाईनं फुली मारून पुढच्या वहीकडे वळता येतं. पण जरा थांबून पाहिलं, तर या चुकीला पक्कं कारण असतं. एककाच्या घरात दोनातून सात जाईनात, म्हणून मुलानं सातातून दोन काढले; पाच उरले. दशकाच्या घरात पाचातून एक गेला, चार उरले. मोठ्या संख्येतून लहान संख्या वजा करायची, हा पहिलीत शिकलेला नियम त्यानं इमानेइतबारे पाळला. वजाबाकी म्हणजे काय हे त्याला कळतं. दशक सुटा करता येतो, हे मात्र अजून त्याच्या हाताखालून गेलेलं नाही.

अशा वेळी जाणत्या बाई खराट्याच्या काड्या बाहेर काढतात. दहा-दहा काड्यांना रबर लावून केलेले पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या मुलासमोर ठेवतात आणि म्हणतात, "यातल्या सतरा काड्या मला दे बरं." मूल एक गठ्ठा देतं, दोन सुट्या देतं आणि अडतं. अजून पाच हव्यात. इकडे-तिकडे बघतं आणि मग आपणहून एका गठ्ठ्याचं रबर काढतं. पाच काड्या मोजून देतं. समोर तीन गठ्ठे आणि पाच काड्या उरतात. पस्तीस!

या दोन-चार मिनिटांत शिकवण्याचं सगळं मर्म आहे. चूक वाचणं, तिचं कारण ओळखणं, त्या कारणाला नेमकं उत्तर देणारं साधन निवडणं आणि मुलाला स्वतः करू देणं. शिक्षकांसाठी साधनं, प्रशिक्षणं आणि तंत्रज्ञान यांवर आज सरकार, संस्था आणि गावकरीही खर्च करत आहेत. त्या खर्चाला एकच कसोटी लावावी असं मला वाटतं: मूल कुठे अडलंय हे ओळखायला आणि तिथे त्याला हात द्यायला शिक्षकाला याची मदत होते का?

काड्या, शंख-शिंपले आणि व्हॉल्व्ह ट्यूब

साधनांच्या बाबतीत महाराष्ट्राची परंपरा श्रीमंत आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीत बालवाडीचं काम सुरू केलं आणि पुढे ते कोसबाडच्या आदिवासी पाड्यांपर्यंत नेलं. मॉन्टेसोरी पद्धतीची तयार साधनं महाग होती, पाड्यावरच्या मुलांना परकीही होती. या दोघींनी त्या पद्धतीतलं तत्त्व घेतलं आणि साधनं भोवतालातून उचलली: शंख-शिंपले, बिया, खडे, पानं, काटक्या. जी मुलं शाळेत येऊ शकत नव्हती, त्यांच्या अंगणात जाऊन त्यांनी शाळा भरवली.

अरविंद गुप्ता यांचं काम याच जातकुळीतलं. पुण्यात टेल्कोमध्ये इंजिनिअर असताना १९७८ मध्ये ते रजा घेऊन मध्य प्रदेशातल्या होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेले. तिथे त्यांनी काडेपेटीतल्या काड्या सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबच्या बारीक तुकड्यांनी जोडून आकृत्या तयार केल्या. तीन काड्यांचा त्रिकोण बोटांनी दाबला तरी हलत नाही. चार काड्यांचा चौरस लगेच कलतो आणि समभुज चौकोन होतो. त्यात एक कर्ण बसवला की तो पुन्हा ताठ उभा राहतो. पुलाला आणि छपराच्या कैचीला त्रिकोण का लागतात, हे पाचवीतलं मूल यातून स्वतः शोधून काढतं. पुढे पुण्यात आयुका या खगोलशास्त्र संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी अशी शेकडो खेळणी केली आणि त्यांच्या कृती व चित्रफिती सर्वांसाठी मोफत खुल्या केल्या. त्यातल्या पुष्कळ मराठीतही आहेत.

अशी साधनं स्वस्त असतात, मोडली तर शिक्षकाला दुरुस्त करता येतात आणि प्रत्येक मुलाच्या हातात पडतात. काचेच्या कपाटात कुलूपबंद असलेल्या महागड्या संचाला यातलं काहीच जमत नाही.

बडोद्याचे संगणक

मग संगणक, टॅब, स्मार्ट टीव्ही यांचं काय? याचं उत्तर देणारा एक नामी प्रयोग आपल्या शेजारीच झाला. २००० साली गुजरात सरकारनं बडोदा महापालिकेच्या शंभर प्राथमिक शाळांना प्रत्येकी चार संगणक दिले. नंतर पाहणी झाली, तेव्हा मुलांना शिकवण्यासाठी ते वापरलेच जात नसल्याचं दिसलं. मग 'प्रथम' या संस्थेनं चौथीच्या मुलांसाठी त्यावर गणिताचे खेळ आणले. दोन मुलं एका संगणकावर, आठवड्याला दोन तास. मुलांची उत्तरं जमतील तशी गणितं अवघड होत जायची. म्हणजे प्रत्येक जोडी आपल्या पायरीवरून पुढे जायची. अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या कार्यक्रमाचं मोजमाप केलं, तेव्हा मुलांचं गणित ठळकपणे सुधारल्याचं आढळलं. कार्यक्रम थांबल्यावर वर्षभरात त्यातला बराचसा लाभ ओसरला, हेही त्यांनी नोंदवलं.

याउलट पेरू देशात 'प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप' या योजनेतून ग्रामीण शाळांना लॅपटॉप वाटले गेले. ३१९ शाळांचा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. गणितात आणि भाषेत मुलांची काही प्रगती झाल्याचं त्यात दिसलं नाही.

दोन्हीकडे यंत्रं होती. बडोद्यात त्यांच्याभोवती ठरलेला वेळ, मुलाच्या पातळीचा मजकूर आणि लक्ष ठेवणारं माणूस उभं राहिलं, म्हणून ती कामी आली. लोकसहभागातून शाळेला टीव्ही देताना हे लक्षात ठेवायला हवं. उद्घाटनानंतर सहा महिन्यांनी त्यावर काय चालणार आहे, हे आधी विचारावं.

प्रशिक्षण मांडवातलं आणि वर्गातलं

साधनाइतकाच प्रश्न प्रशिक्षणाचा. पाच दिवस एका सभागृहात बसून सादरीकरणं पाहायची, हजेरी लावायची, प्रमाणपत्र घ्यायचं आणि सोमवारी आपल्या वर्गात जाऊन पूर्वीसारखंच शिकवायचं, हा अनुभव बहुतेक शिक्षकांना आहे. यात दोष शिक्षकांच्या वृत्तीचा नाही. पोहण्याबद्दल कितीही ऐकलं तरी पाण्यात उतरल्याशिवाय पोहता येत नाही, तसंच हे कौशल्य वर्गातच मुरतं.

'प्रथम'नं मुलांचे इयत्तेऐवजी वाचनाच्या पातळीनुसार गट करून शिकवण्याची पद्धत अनेक राज्यांत नेली. बिहारमध्ये सरकारी शाळांना नुसतं साहित्य दिलं तेव्हा फरक पडला नाही. साहित्याला शिक्षकांच्या प्रशिक्षणाची जोड दिली तेव्हाही शाळेतल्या रोजच्या शिकवण्यात फारसं काही बदललं नाही. हरियाणात २०१२-१३ मध्ये मात्र वेगळी मांडणी केली. ज्या अधिकाऱ्यांनी शिक्षकांना मार्गदर्शन करायचं, त्यांनीच आधी पंधरा-वीस दिवस शाळेत जाऊन या पद्धतीनं मुलांना शिकवलं. मग त्यांनी शिक्षकांना शिकवलं आणि नंतर ते वर्गांना भेटी देत राहिले. शाळेच्या वेळापत्रकात यासाठी रोजची तासिका राखून ठेवली. तिथे मुलांच्या भाषेत सुधारणा दिसली. सांगणाऱ्यानं आधी स्वतः करून पाहिलं होतं, आणि सांगून झाल्यावर तो निघून गेला नाही.

याहून जुनं उदाहरण होशंगाबादचंच. १९७२ मध्ये सोळा शाळांत सुरू झालेला हा कार्यक्रम २००२ मध्ये बंद होईपर्यंत सुमारे हजार शाळांत पोहोचला होता. तिथे शिक्षक प्रशिक्षणात स्वतः प्रयोग करत. वर्षभर मासिक बैठकीत एकमेकांच्या अडचणी मांडत. त्यांच्यासाठी स्वतंत्र पत्रिका निघे. 'सवालीराम' नावाच्या एका काल्पनिक मित्राला मुलं प्रश्न लिहून पाठवत आणि त्यांना पत्रानं उत्तरं मिळत.

आपल्याकडे ही चौकट तयार आहे. एका केंद्रातल्या, म्हणजे जवळपासच्या शाळांच्या गटातले, शिक्षक शिक्षण परिषदेसाठी नियमित एकत्र येतात. या परिषदेतला बराच वेळ परिपत्रकं आणि माहितीची आठवण करून देण्यात जातो. तो कमी करून दोन गोष्टी करता येतील. प्रत्येक शिक्षकानं आपल्या वर्गातल्या तीन मुलांच्या वह्या आणाव्यात आणि सगळ्यांनी मिळून त्यांतल्या चुकांची कारणं शोधावीत. दुसरं, एका शिक्षकानं सगळ्यांसमोर खऱ्या मुलांचा एक पाठ घ्यावा आणि नंतर मुलं कुठे रमली, कुठे अडली यावर बोलावं. शिक्षकाच्या गुणदोषांवर बोलायचं नाही, मुलांच्या शिकण्यावर बोलायचं. जपानमधले शिक्षक शंभराहून अधिक वर्षं अशा पद्धतीनं एकमेकांकडून शिकत आले आहेत. यासाठी वेगळा निधी लागत नाही.

एका फोनवर काय काय होतं

आता आज हाताशी असलेल्या तंत्रज्ञानाकडे येऊ. माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले, ही गोष्ट २०२० च्या जागतिक शिक्षक पुरस्कारामुळे सर्वदूर पोहोचली. ५ सप्टेंबर २०१७ रोजी केंद्र सरकारनं 'दीक्षा' हे व्यासपीठ सुरू केलं. पुस्तकातल्या कोडवर फोन धरला, की त्या धड्याचा व्हिडिओ किंवा स्वाध्याय तिथे उघडतो. बालभारतीची पुस्तकं पीडीएफ रूपात मोफत मिळतात.

विज्ञानासाठी अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठाच्या 'फेट' प्रकल्पाची आभासी प्रयोगांची मालिका उत्तम आहे. नोबेल विजेते कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये तो सुरू केला. विद्युत परिपथ जोडणं, अपूर्णांकांचे तुकडे करणं, घनता तपासणं असे त्यातले अनेक प्रयोग मराठीत आहेत आणि एकदा उतरवून घेतले की इंटरनेटविना चालतात. भूमितीसाठी 'जिओजेब्रा' आहे. त्रिकोणाचा शिरोबिंदू ओढत नेला तरी तिन्ही कोनांची बेरीज १८० अंशच राहते, हे त्यात मुलं डोळ्यांनी पाहतात. वाचनासाठी 'प्रथम बुक्स'चं 'स्टोरीवीव्हर' २०१५ पासून आहे. त्यावरच्या मराठी गोष्टी छापून वाटायला मुभा आहे, आणि शिक्षकाला स्वतः गोष्ट लिहून किंवा आपल्या भागातल्या बोलीत भाषांतर करूनही टाकता येते. गोंडी, कोरकू, भिली घरात बोलणाऱ्या मुलांच्या शाळेत याचं मोल फार मोठं आहे.

मुलांकडे एकही उपकरण नसलं तरी चालणारी एक युक्ती मला विशेष आवडते. 'प्लिकर्स' या ॲपसाठी प्रत्येक मुलाला चौकोनी चिन्ह छापलेलं कागदी कार्ड देतात. कार्डाच्या चार बाजू म्हणजे चार पर्याय. प्रश्न विचारला की मुलं आपापलं उत्तर वर येईल असं कार्ड धरतात आणि शिक्षक फोनचा कॅमेरा वर्गावरून फिरवतात. कोणाचं उत्तर कोणतं, हे क्षणात कळतं. हात वर करायला बुजणारी मुलगीही यात उत्तर देते. याहून साधी युक्ती म्हणजे चार पुस्तकांच्या थप्पीवर फोन ठेवून तो टीव्हीला जोडायचा आणि एखाद्या मुलाची वही सगळ्या वर्गाला दाखवायची. त्यानं गणित कसं सोडवलं, हे त्यानंच समजावून सांगायचं.

कोविडच्या टाळेबंदीत फोनच नसलेल्या मुलांसाठी सोलापूरच्या नीलमनगरात शिक्षकांनी घरांच्या भिंतींवर धडे रंगवून घेतले होते. तंत्रज्ञान कोणतं, याचा निर्णय मुलांच्या परिस्थितीवरून घ्यायचा असतो, हे त्यांनी दाखवून दिलं.

कृत्रिम बुद्धिमत्तेशी कसं वागावं

गेल्या काही वर्षांत कृत्रिम बुद्धिमत्तेची साधनं शिक्षकांच्या फोनवर आली आहेत. एकच उतारा तीन वेगवेगळ्या पातळ्यांच्या सोप्या भाषेत मागणं, गावच्या बाजाराचे संदर्भ घालून शाब्दिक गणितं तयार करणं, एखाद्या संकल्पनेत मुलं कोणत्या चुका करतात याची यादी मागणं ही कामं त्यांच्याकडून होतात. बहुवर्ग शिकवणाऱ्या शिक्षकासाठी ही मोठी सोय आहे. पण ही साधनं चुकीची माहितीही ठामपणे देतात आणि त्यांचं मराठी पुष्कळदा पुस्तकी, अवघडलेलं असतं. त्यामुळे ओळ न् ओळ वाचून, तपासून, आपल्या मुलांच्या भाषेत घातल्याशिवाय ते वर्गात नेऊ नये. मुलांची नावं, फोटो, घरची माहिती त्यात मुळीच भरू नये. २०२३ च्या वैयक्तिक डिजिटल डेटा संरक्षण कायद्यानं अठरा वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती आवश्यक मानली आहे.

सगळ्यांत दुर्मीळ साधन: वेळ

वर सांगितलेलं सगळं करायला शिक्षकाकडे वेळ हवा, आणि नेमका तोच कमी आहे. शिक्षण हक्क कायद्याचं २७ वं कलम सांगतं, की दशवार्षिक जनगणना, आपत्तीतलं मदतकार्य आणि निवडणुका सोडून शिक्षकांना अशैक्षणिक कामं देऊ नयेत. प्रत्यक्षात माहिती भरणं, फोटो चढवणं, नोंदी अद्ययावत करणं यांत शाळेचे तास जातात. दोन शिक्षकी शाळेत एक जण ऑनलाइन माहिती भरायला बसला, की त्याचे वर्ग दुसऱ्याच्या अंगावर पडतात. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं प्रत्येक शिक्षकाला वर्षाला किमान ५० तास व्यावसायिक विकासासाठी मिळावेत असं म्हटलं आहे. हे तास व्हिडिओ पुढे ढकलून प्रमाणपत्र मिळवण्यात संपू नयेत. त्यांतले निम्मे तरी दुसऱ्याचा वर्ग पाहण्यात आणि आपला वर्ग दुसऱ्याला दाखवण्यात जावेत.

दिवाळीच्या सुट्टीत आपल्यापैकी कितीतरी जण गावी जातात आणि आपल्या जुन्या शाळेसाठी काहीतरी करावं असं त्यांच्या मनात येतं. त्यांना एक सुचवावंसं वाटतं. काही विकत घेण्याआधी तिथल्या बाईंपाशी, सरांपाशी बसा. मुलं कुठे अडतात आणि त्यांना स्वतःला काय कमी पडतं, हे विचारा. कदाचित ते टीव्ही मागतील. कदाचित गोष्टींची शंभर पुस्तकं मागतील, किंवा बंद पडलेल्या इन्व्हर्टरची दुरुस्ती. कदाचित दुसऱ्या तालुक्यातली एक चांगली शाळा दिवसभर पाहून यायला गाडीभाडं मागतील. मागतील ते द्या, आणि पुढच्या दिवाळीत पुन्हा जाऊन त्याचं काय झालं ते विचारा.