लोकमताच्या न्यायालयातले वकील

गेल्या वर्षीच्या वादविवाद स्पर्धेत मला चिठ्ठीने प्रतिकूल बाजू आली. मनाला मुळीच न पटणारी. तरी बोललो, आणि बक्षीस घेऊन आलो. एक मित्र म्हणाला, "तू वकील होशील, नाहीतर एखाद्या कंपनीचा जनसंपर्क अधिकारी!" थट्टाच ती, पण त्यानंतर जनसंपर्काविषयी ग्रंथालयात मिळेल ते वाचू लागलो.

या व्यवसायाचे समर्थक एक उपमा नेहमी देतात. आरोपीलाही वकील मिळतो. मग कंपनीने लोकांपुढे आपली बाजू मांडायला माणूस नेमला तर बिघडले कोठे? प्रथम मला हे पटले. आयव्ही ली या अमेरिकन गृहस्थांची हकिगत वाचली आणि मत डळमळले.

ली हे मूळचे वार्ताहर. १९०६ साली त्यांनी वृत्तपत्रांसाठी जाहीरनामा काढला : आमचे काम उघड चालते, माहिती बिनचूक देऊ. त्या काळी हे धाडसच होते. पुढे १९१३ साली कोलोरॅडोतील कोळसा खाणकामगारांनी संप केला. कंपनीच्या घरांतून बाहेर काढलेले संपकरी बायकामुलांसह लडलो येथे तंबूंत राहत. २० एप्रिल १९१४ रोजी राज्याच्या सैनिकांनी वस्तीवर गोळीबार केला, तंबू जळाले. एका तंबूखालच्या खड्ड्यात आसऱ्याला गेलेल्या २ स्त्रिया आणि ११ मुले मेली. तेथील मोठ्या खाणकंपनीवर ताबा रॉकफेलर घराण्याचा. त्यांनी लींना बोलावले.

लींनी पत्रके तयार करून दिली. ती संपादक, शिक्षक, धर्मोपदेशक यांच्या हाती गेली. वर नाव खाणचालकांचे, लींचे कोठेच नाही. एकात कामगार पुढाऱ्यांची वर्षाची कमाई ९ आठवड्यांची म्हणून छापली गेली. १९१५ साली चौकशी आयोगापुढे लींनी कबूल केले की, कंपनीने पुरवलेली माहिती खरी आहे की नाही हे आपण तपासलेच नव्हते.

उपमा लंगडी पडते ती येथे. न्यायालयात समोर दुसरा वकील असतो, उलटतपासणी होते. घरी पत्रक वाचणाऱ्या शिक्षकापुढे यांतले काय होते? निकाल द्यायचा त्यानेच, आणि हातात कैफियत एकाच पक्षाची. तीही कोणी लिहिली ते न सांगता.

अभ्यासकांनी पुढे निराळी वाट सुचवली. ग्रुनिग आणि हंट यांनी १९८४ च्या ग्रंथात जनसंपर्काचे चार प्रकार सांगितले. त्यांतला शेवटचा म्हणजे दोन्ही पक्षांनी ऐकायचे आणि दोघांनीही बदलायचे. वाचायला गोड! पण संवादाचा एक प्रयोग कोलोरॅडोत आधीच होऊन गेला होता. १९१५ साली धाकटे रॉकफेलर स्वतः खाणींवर गेले, कामगारांबरोबर जेवले, त्यांच्या बायकांबरोबर नाचले, आणि कामगारांनी आपले प्रतिनिधी निवडून द्यावेत अशी योजना त्यांनी आणली. संपातली एक मुख्य मागणी होती संघटनेला मान्यता देण्याची. ती मात्र दिली नाही.

आमचे एक प्राध्यापक म्हणतात, तरीही तक्रार सांगायला जागा तर झाली, हे काय थोडे? त्यांच्याशी माझा वाद अजून चालू आहे. या खेपेस बाजू चिठ्ठीने आलेली नाही.